वाटणीत आलेलं वैर

आज मन एका जुन्या चित्रपटावर स्थिर करू या. 'हाऊस ऑफ स्ट्रेंजर्स', १९४९, कृष्णधवल, दिग्दर्शक जोसेफ मँकिएविच. घाई नको. श्वास संथ होऊ द्या आणि न्यूयॉर्कमधल्या एका इटालियन कुटुंबाच्या घरात या.

घर सुनं आहे. सात वर्षं तुरुंगात काढून मॅक्स मोनेट्टी परतला आहे. भिंतीवर दिवंगत वडिलांची, जिनोची, मोठी तसबीर. ऑपेराची तबकडी फिरू लागते, कॅमेरा जिना चढतो. तुम्हीही चढा, एकेक पायरी.

वर जुने दिवस आहेत. जिनो टबात बसून गातो आहे आणि जो, त्याचा मुलगा, त्याची पाठ चोळतो आहे. इथे थांबा, बराच वेळ थांबा. हा बायको असलेला, कर्ता पुरुष बापाच्याच बँकेत तुटपुंज्या पगारावर राबतो. जिनो मूळचा न्हावी. त्यानं शून्यातून बँक उभी केली, तारण नसलेल्या गरिबांना कर्जं दिली आणि व्याज जबर घेतलं. त्याच्या कष्टांबद्दल मनात आदर येऊ द्या. मग जेवणाच्या टेबलाकडे बघा. दुसऱ्या मुलाला, पिएत्रोला, तो सर्वांदेखत 'मठ्ठ' म्हणतो. कोणी उलट बोलत नाही. पिएत्रोचा चेहरा नीट पाहा. असा चेहरा तुम्ही कुठे पाहिला आहे?

पुढे बँकेवर खटला होतो. वकील मॅक्स बापासाठी ज्यूरीतल्या एकीला लाच द्यायला जातो, भाऊ जो पोलिसांना खबर देतो आणि मॅक्स पकडला जातो. सुटलेल्या जिनोला मुलं आपल्या हाती आलेली बँक परत करत नाहीत. मग तो तुरुंगात मॅक्सला पत्रं लिहितो: सूड घे. म्हणजे वाटणीत बँक भावांकडे गेली आणि लाडक्या मॅक्सच्या वाट्याला वैर आलं. या वाटणीपाशी शांत बसा.

शेवटी मॅक्स सूड सोडतो. तरी जो पिएत्रोला त्याच्यावर घालतो, आणि चिडून बापाचाच तो शब्द पिएत्रोला फेकून मारतो. पिएत्रो जोवर उलटतो. त्याला आवरतो तो मॅक्सच.

जिनोच्या भूमिकेसाठी एडवर्ड जी. रॉबिन्सनला कान महोत्सवात पुरस्कार मिळाला, तो रास्तच. पण मला थोर वाटतो तो भावाला आवरणारा मॅक्स.

आता डोळे उघडा. वडिलांच्या भांडणापायी तुमचं एखाद्या भावाशी बोलणं तुटलं असेल, तर आज त्याला फोन करा.