कुरणातली पावलं

सकाळच्या उन्हात कुरणावर सोडलेल्या घोड्यांकडे थोडा वेळ नुसतं बघत उभं राहावं. घोडा म्हटला की आपल्याला वेग आठवतो. इथे मात्र तो मान खाली घालून चरत असतो. दोन-चार घास, एक पाऊल, पुन्हा घास, पुन्हा पाऊल. मोकळा घोडा दिवसरात्रीतले चौदा-सोळा तास असाच चरतो आणि चरता चरता कित्येक किलोमीटर चालतो. त्याचं पोट, खूर, सांधे, सगळं या संथ चालीसाठी घडलेलं आहे. एखाद्या तासाची रपेट तिची जागा घेऊ शकत नाही.

शिंगराचं तर सगळं आयुष्यच या पहिल्या पावलांवर उभं असतं. जन्मल्यावर तासा-दोन तासांत ते लटपटत उभं राहतं. पाय लांब, धड मात्र चिमुकलं. काही दिवसांतच ते आईभोवती रिंगण घालू लागतं. मध्येच चौखूर उधळतं, परत येऊन आचळाला लागतं आणि गवतात आडवं होऊन गाढ झोपतं. किती धावायचं आणि केव्हा थांबायचं, हे त्याचं तेच ठरवतं. याच महिन्यांत त्याची हाडं आणि सांध्यांतली कूर्चा पुढच्या ओझ्यासाठी तयार होत असते.

नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात शिंगरांचे तीन गट केले होते. एक कुरणात वाढला, दुसरा तबेल्यात कोंडलेला राहिला आणि तिसरा कोंडलेलाच, पण त्याला थोडा वेळ बाहेर काढून जोरात पळवलं जाई. पाच महिन्यांनी कुरणातली शिंगरं सर्वांत निरोगी दिसली. नुसती कोंडलेली मागे पडली होती, तरी पुढे मोकळं फिरायला मिळाल्यावर त्यांनी बरीचशी भरपाई केली. काळजी वाटावी अशी गत तिसऱ्या गटाची झाली. दिवसभर कोंडून मग दामटल्याचे दुष्परिणाम त्यांच्या कूर्चेत नंतरही टिकून राहिले. हा निष्कर्ष प्रत्येक घोडेवाल्याला ठाऊक असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या धनगरांना हे चालण्यातूनच उमगलेलं आहे. मेंढरांचा वाडा दिवाळीनंतर कोकणाकडे निघतो, तेव्हा बिऱ्हाड लादलेल्या घोडीच्या बगलेला तिचं शिंगरू मोकळं चालत असतं. दगडधोंडे, ओढे, घाट, सगळं ते आईच्या चालीने शिकतं.

वर्ष-दीड वर्षाची पोरं कुरणात एकमेकांच्या माना चावतात, मागच्या पायांवर उभी राहतात, शर्यती लावतात. दोन वर्षांचा घोडा तर पुरता वाढलेला वाटतो, पण त्याच्या पाठीच्या कण्याची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. दिसण्याला भुलून त्याच्या पाठीवर जड ओझं लादू नये.

म्हातारा घोडा मात्र या सगळ्यांपासून जरा दूर, हळूहळू चालतो. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच, सगळ्या कंडराच. त्यामुळे पायांत साचलेलं पाणी वर सरकतं ते मुख्यतः हालचालीनेच. रात्रभर बांधलेल्या घोड्याचे पाय सकाळी सुजलेले दिसतात आणि थोडं चालल्यावर सूज उतरते, ती यामुळे. आखडलेले सांधेही बसून राहिल्याने जास्तच आखडतात.

वरातीचा असो, टांग्याचा असो की रपेटीचा, तुमच्या दारी घोडा असेल तर त्याला रोज काही तास दावं सोडून मोकळ्या रानात, दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने चरू द्या. आणि तो थकला, कामातून गेला, तरी त्याला खुंट्याला बांधून ठेवू नका.