दुसऱ्याची जुनी, आपली नवी

नव्या वस्तूचा आनंद कोणालाही समजतो. कोरी वही, कोरे कापड, कोऱ्या भांड्याची चकाकी यांचे कौतुक करायला तत्त्वज्ञान लागत नाही. पण एक जुनी वस्तू देऊन दुसरी जुनी वस्तू घरी आणताना मनुष्याला जो उत्साह वाटतो, त्याचे कोडे सहजासहजी सुटत नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सतरा वर्षे वापरलेली माझी बुलेट विकली आणि दुसऱ्या कोणी सहा वर्षे वापरलेली हिमालयन घेतली. चाळिशी उलटलेल्या शाळामास्तराला शोभणार नाही अशा अधीरतेने त्या रात्री दोनदा उठून मी ती अंगणात आहे ना, हे पाहून आलो!

वस्तुत: हरखून जावे असे त्यात काय होते? तिच्या टाकीवर कोणाच्या तरी किल्ल्यांचे ओरखडे होते. आसन कोणाच्या तरी बसण्याने दबलेले होते. तरीही ती मला नवी वाटली. माझ्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या. किक हळूहळू दाबीत अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग जोराने किक मारायची, हा सारा विधी माझे शरीर माझ्यावाचून पार पाडीत असे. हिमालयनचा गिअर डावीकडे. पुढचे चाक २१ इंची. आणि समोर चक्क होकायंत्र. शाळेचा रस्ता नैर्ऋत्येला जातो, ही गोष्ट इतक्या वर्षांनी मला या फटफटीने सांगितली. आंबा घाट मी कितीदा उतरलो असेन. पण नव्या सवयीसाठी पाय आणि हात सावध ठेवावे लागल्यामुळे त्याचे प्रत्येक वळण मला पुन्हा दिसू लागले. तेव्हा नवेपणा वाहनात नव्हता. सवयीने झोपी गेलेले माझे लक्ष जागे झाले होते, आणि त्या जागेपणालाच मी उत्साह म्हणत होतो.

इथवर हा उत्साह निरुपद्रवी आहे. पण त्याला एक खोड आहे: तो पक्षपाती असतो. आपल्या वाहनाचा खडखडाट म्हणजे म्हातारपण आणि दुसऱ्याच्या वाहनाचा खडखडाट म्हणजे अनुभव, असा न्याय तो करतो. जी वस्तू येते तिचे दोष दिसू देत नाही. आणि जी जाते ती एकदाची जावो, अशी घाई करतो. नीतीचा प्रश्न उभा राहतो तो या घाईतच.

माझ्या बुलेटचा पुढचा फोर्क एका पावसाळ्यात घाटातल्या दरडीच्या चिखलावर घसरून वाकला होता. मी तो सरळ करून घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नव्हते; पण वेग सत्तरच्या वर गेला, की हँडलला बारीक कंप सुटे. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या तरुणाने इंजिनाचा आवाज ऐकला, टायर दाबून पाहिले. फोर्कविषयी विचारले नाही. माझे एक स्नेही शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, “विचारलं नाही तर सांगायचं कशाला? जुना माल आहे, पाहून घ्यावा ज्याचा त्यानं!” मी सांगितले. तरुण थोडा वेळ गप्प राहिला आणि त्याने चार हजार रुपये कमी केले. स्नेह्यांनी वाटेत मला हरिश्चंद्र म्हटले, ते काही गौरवाने नव्हे.

त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. जुन्या बाजारातला व्यवहार डोळे उघडे ठेवून करायचा असतो. पण डोळे उघडे ठेवूनही जे दिसत नाही, त्याचे काय? माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाने अर्थशास्त्रावर बोलू नये. तथापि जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन पंडिताने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याचे म्हणणे कोणालाही कळेल असे आहे. विकणाऱ्याला दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येकच मालाकडे संशयाने पाहून भाव पाडतो, आणि चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो. म्हणजे एकाच्या मौनाचा दंड पुढे प्रामाणिक माणसाला भरावा लागतो.

याहून खोल गोष्ट ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात आहे. रथातून आलेल्या मिलिंद राजाला भिक्षू नागसेन विचारतो, की आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? सुटे सुटे पाहिले तर रथ कोठेच सापडत नाही. फटफटीचेही तसेच आहे. सतरा वर्षांत माझ्या बुलेटच्या क्लचप्लेटा बदलल्या, साखळी बदलली, पिस्टनही बदलला. मग ‘तीच’ बुलेट म्हणण्यासारखे उरले काय? मला वाटते, उरला तो तिचा इतिहास. आणि तो कोणत्याही सुट्या भागात नव्हता, धन्याच्या डोक्यात होता. परिवहन कार्यालयात नमुना २९ आणि नमुना ३० भरून मालकी दुसऱ्याच्या नावावर जाते. हा इतिहास नावावर करून देणारा नमुना तेथे मिळत नाही. तो तोंडानेच द्यावा लागतो. नोंदवहीत नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी जुन्या धन्यावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. कायदा जबाबदारी नावाशी बांधतो. नीती ती माहितीशी बांधते. नाव बदलले म्हणून मला ठाऊक असलेला फोर्क मला अनोळखी होत नाही. उद्या त्या तरुणाच्या पाठीमागे त्याची आई बसेल, आणि उतारावर हँडल कापू लागेल, तेव्हा ते चार हजार कोणाच्या खिशात आहेत याला काय महत्त्व?

म्हणून उत्साह टाकून द्यावा असे मात्र मी म्हणणार नाही. माणसाचे लक्ष जागे करणारी कोणतीही गोष्ट मोलाची, मग ती दुसऱ्याने वापरून सोडलेली का असेना. फक्त एवढे ध्यानी असावे, की जुनी वस्तू नवी म्हणून अंगणात येते ती कोणाच्या तरी शब्दावर विसंबून. घाटाच्या माथ्यावरून खाली निघताना आपण ब्रेकवर जितके विसंबतो, तितकेच ज्याला पुन्हा कधी भेटणार नाही अशा एका माणसाच्या खरेपणावर विसंबलेले असतो. आणि आपण विकलेल्या वाहनावरून त्याच वेळी कोणी तरी दुसरा घाट उतरत असतो.