आंदणात आलेला घाट

१०७७ चा ऐन हिवाळा. जर्मन राजा चौथा हेन्री पोपची माफी मागायला कानोसाच्या वाटेवर होता आणि आल्प्समधला मों-सनीचा घाट गोठलेला होता. हेर्सफेल्डच्या लाम्पेर्ट नावाच्या मठवासी साधूने त्या प्रवासाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पुरुष कधी हातापायांवर रांगत, तर कधी वाटाड्यांच्या खांद्याला धरून उतरत होते. राणीला आणि तिच्या दासींना बैलांच्या कातड्यांवर बसवून वाटाडे खाली ओढत नेत होते. ही राणी बेर्था. गंमत म्हणजे ज्या घाटावरून ती अशी घसरत चालली होती, त्याचं इटलीकडचं तोंड तिच्या आईच्या ताब्यात होतं! आईने जावयाला वाट फुकट दिली नाही. लाम्पेर्ट सांगतो, आधी पाच बिशपांचे मुलूख मागितले, आणि बरीच घासाघीस होऊन बर्गंडीतल्या एका सुपीक प्रदेशावर सौदा पटला.

ही आई म्हणजे ट्युरिनची आडेलाइड. बापाची वारस तीच, पण सरहद्दीचा कारभार बाईच्या नावावर कसा ठेवायचा, म्हणून एकामागून एक नवरे आले. दोघे वारले. तिसरा, १०४६ च्या सुमाराचा, सव्हॉयचा ओट्टो. त्याचा बाप, ‘पांढऱ्या हातांचा’ हम्बर्ट, डोंगरापलीकडच्या काही खोऱ्यांचा धनी होता. या एका लग्नाने त्याच्या घराण्याला सुसाचं खोरं आणि इटलीचं दार मिळालं. आडेलाइडच्या मृत्यूनंतर, १०९१ मध्ये, ट्युरिन शहर हातचं गेलं, पण घाट राहिला. व्यापारी, यात्रेकरू, सैन्य, सगळे त्याच वाटेने जाणार आणि जकात भरणार. पुढच्या चार शतकांच्या वैभवाचा पाया हा असा, सुनेच्या माहेरचा आहे.

आणि ती एकटी नव्हे. सव्हॉयचा काउंट दुसरा पीटर याला फोसिनीच्या मुलखाचा हक्क मिळाला तो त्याच्या बायकोमुळे, अग्नेसमुळे. पाचव्या आमेदेओच्या घरात ब्रेसचा मुलूख आला तो सिबिल द बोजेच्या पावलांनी. इतिहासकार याला ‘विस्तार’ म्हणतात, काउंटांच्या दूरदृष्टीचं कौतुक करतात. नकाशावर रंग पसरत जातो, आणि तो कुणाच्या आंदणाचा ते नकाशा सांगत नाही.

आता याच घराने लेकींना काय दिलं ते पाहू. १२६८ मध्ये पीटर वारला. मागे एकच मुलगी, बिआत्रिस. काउंटपद मात्र गेलं पीटरच्या भावाकडे, साठीतल्या फिलिपकडे. तो आदल्या वर्षापर्यंत चर्चच्या उत्पन्नावर होता! बिआत्रिसकडे आईचं फोसिनी होतं, ते तिच्या सासरी, शेजारच्या दोफिनेत गेलं. ते परत मिळवायला १३५५ उजाडलं. पुढे १३२९ मध्ये काउंट एदुआर्द वारला, त्यालाही एकच मुलगी, ब्रिटनीची डचेस झान. तिने हक्क मागितला. गादी मिळाली काका आयमोनला, आणि झानला अखेर वर्षाच्या तनख्यावर मिटवावं लागलं. ‘तुला कशाची कमी आहे, तुझं सासर मोठं आहे’, हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना जे बोलतात, तेच असणार. भाषा तेवढी वेगळी.

या अन्यायाचं समर्थन करणारे एकच कारण पुढे करतात: मुलींना वाटा दिला असता तर राज्याचे तुकडे पडले असते. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण १२८५ मध्ये फिलिप निपुत्रिक वारला तेव्हा काय झालं? पाचव्या आमेदेओला सव्हॉय, त्याच्या भावाला, लुईला, व्हो, पुतण्याला, दुसऱ्या एका फिलिपला, पिडमाँट. सरळ तीन वाटे! तेव्हा कुणाला राज्य फुटण्याची भीती वाटली नाही, कारण वाटेकरी पुरुष होते. म्हणजे चिंता तुकड्यांची नव्हती, लेकींची होती, आणि सोयीचं कारण धोरण म्हणून मिरवलं गेलं. कर्तृत्वाचं म्हणाल, तर सहावा आमेदेओ १३६६ मध्ये गॅलिपोलीच्या स्वारीवर गेला, तेव्हा घरचा कारभार त्याच्या बायकोने, बोन द बूर्बोंने, चालवला. पुढे नातवासाठीही तिनेच चालवला. राबायला बाई चालते, वारसाला चालत नाही. हे राजवाड्यात असो वा शेतावर, मला तरी लबाडीच वाटते.

राहिला व्होचा तुकडा. लुईच्या मुलाचा, दुसऱ्या लुईचा, १३४९ मध्ये मृत्यू झाला आणि तिथे मुलगी वारस झाली, कॅथरीन. आभाळ कोसळलं नाही. दहा वर्षं मुलूख तिच्याकडे राहिला आणि १३५९ मध्ये तिने तो सहाव्या आमेदेओला चक्क विकला. फुटण्याची ज्याची भीती घालतात, तो तुकडा लेकीच्या हातून, रोख पैशात, मूळ घराकडे परतला. सव्हॉयच्या कुठल्याही इतिहासात हा व्यवहार सापडेल. आमेदेओच्या पराक्रमांच्या यादीत, ‘व्होची प्राप्ती’ या नावाने.