क्रॅश थांबला, पण कारण कळले का?

सुट्या भागांतून जुळवलेला गेमिंग पीसी खेळताना वारंवार बंद पडू लागला की त्याचा मालक एकाच संध्याकाळी बरेच काही करून बसतो. ग्राफिक्स कार्डाचा जुना ड्रायव्हर काढून नवा टाकतो, रॅमच्या पट्ट्या उपसून पुन्हा बसवतो, बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला आणतो, पंख्यांवरची धूळ झटकतो, आणि डबा उघडलाच आहे तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही बदलून घेतो. त्यानंतर गेम चालते. कोणी विचारले तर उत्तर तयार असते: ड्रायव्हरचा घोळ होता. या उत्तरात दोन विधाने एकमेकांना चिकटलेली आहेत. क्रॅश थांबला हे एक, आणि तो ड्रायव्हरमुळे होत होता हे दुसरे. पहिले प्रत्यक्ष दिसले आहे. दुसऱ्याला अजून कसलाही आधार नाही, कारण त्या संध्याकाळी पाच गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला मिळाले. दोष घालवणे आणि दोषाचे कारण जाणणे या माझ्या मते वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीवर हक्क सांगायचा असेल तर गेलेला दोष मुद्दाम परत आणून दाखवायची तयारी हवी. जुना ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर, बाकी काही न हलवता, क्रॅश परत आला तरच ड्रायव्हरवर बोट ठेवता येईल. हे हट्टाचे वाटेल, पण ज्ञान कशाला म्हणायचे हा जुना वाद इथे एका डब्यात मावेल एवढा होऊन समोर येतो.

न्यायशास्त्राने कारणाची जी व्याख्या केली, तिच्यात कार्याच्या आधी नेमाने हजर असणे एवढे पुरत नाही. ती हजेरी अन्यथासिद्ध नसावी लागते, म्हणजे तिच्याशिवायही कार्याचा उलगडा होत नसावा. विश्वनाथ पंचाननाच्या भाषापरिच्छेदात यासाठी कुंभाराचे गाढव येते. माती त्याच्या पाठीवरून आली, ते घड्याच्या आधी तिथे होते, तरीही ते घड्याचे कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी घडा झालाच असता. पीसी दुरुस्त करताना अशी गाढवे पुष्कळ भेटतात. नवा ड्रायव्हर टाकला, त्याबरोबर मशीन रीस्टार्ट झाले, शेडर पुन्हा कंपाइल झाले, ड्रायव्हरमध्ये केलेले ओव्हरक्लॉकिंगही पुसले गेले. यांतले नेमके कोणते कामी आले? ते ठरवायचे साधन म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक: ते असताना हे असते, ते नसताना हे नसते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली जी भेदाची रीत मांडली, तिचाही गाभा हाच आहे. दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक हवा. संध्याकाळभराच्या दुरुस्तीत व्यतिरेक कसाबसा साधतो, तोही पाच गोष्टींचा एकत्र. अन्वय तपासायला कोणी थांबत नाही, कारण गेम चालू झालेली असते.

याला उत्तर म्हणून सांगितले जाते की एवढ्या खटाटोपाची गरज काय, मशीन स्वतःच सांगते ना. एरर मेसेज येतो, लॉग असतो. पण मेसेज हा शब्दप्रमाणाचा प्रकार, आणि शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जी ठाऊक आहे ती सांगायची आहे त्याचा. मशीनला खोटे बोलायचे नसते हे मान्य. त्याला ठाऊक किती असते हा प्रश्न आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की अनेक जण नवा पॉवर सप्लाय आणायला निघतात. ती नोंद प्रत्यक्षात एवढेच म्हणते की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झाले. का, ते तिला माहीत नसते.

याहून ठसठशीत उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे. ते २०२२ आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आले. त्यानंतर अन्रिअल इंजिनवरच्या कित्येक गेम सुरू होतानाच पडू लागल्या, आणि पडद्यावर मेसेज असे की व्हिडिओ मेमरी संपली. २४ जीबी मेमरीचे कार्ड असलेल्यांनाही हेच वाचावे लागले. वाचणाऱ्याने ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला यात त्याचा काय दोष? २०२४ च्या सुरुवातीला ऊडल ही डेटा उलगडणारी लायब्ररी बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने लक्षात आणून दिले की चूक प्रोसेसरवर, डेटा उलगडतानाच होते आहे; मेमरीच्या नावाचा मेसेज हा तिचा पुढचा परिणाम. पाठोपाठ एनव्हिडियानेही लोकांना इंटेलकडे जायला सांगितले. त्या वर्षीच्या जुलैत इंटेलने मान्य केले की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि सप्टेंबरमध्ये पुढचा धागा सांगितला: वाढीव व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधल्या क्लॉकच्या सर्किटची झीज होत होती. मेसेज प्रामाणिक होता, मात्र आप्त नव्हता. आणि ‘अन्रिअलची गेम, म्हणून क्रॅश’ ही लोकांनी बसवलेली व्याप्तीही (नेमाची सोबत) सोपाधिक, म्हणजे लपलेल्या अटीवर उभी असलेली, निघाली. अग्नी तिथे धूर म्हणताना ओले इंधन ही उपाधी जशी नजरेतून सुटते, तशी इथे सुटलेली उपाधी म्हणजे आतून झिजलेला प्रोसेसर. इंजिनाने त्याच्यावर नेमका नको तिथे भार टाकला, एवढेच.

स्वतः जुळवलेल्या मशीनमध्ये आणखी एक गुंता असतो, आणि त्याबाबतीत आपले जुने विचारवंत आजच्या दुरुस्तीवाल्यापेक्षा पुढे होते असे मला वाटते. सगळेच संशयित ‘भाग’ असतात असे आपण धरून चालतो: रॅम खराब, की कार्ड, की बोर्ड? एकेक भाग दुसऱ्याच्या मशीनवर लावून पाहावा तर प्रत्येक जण निर्दोष सुटतो. तर्कसंग्रहात अन्नंभट्ट कारणांचे तीन प्रकार सांगतो, त्यांतले दोन इथे कामाचे. वस्त्राचे तंतू हे समवायी कारण, आणि तंतूंचा संयोग हे असमवायी कारण. म्हणजे जोड हा तंतूंहून वेगळा पदार्थ आणि स्वतंत्र कारण मानलेला आहे. तंतू सगळे धड असून वस्त्र बिघडू शकते. डीडीआर५ रॅमच्या दोन पट्ट्या एक्सएमपी ही वाढीव वेगाची सेटिंग लावून ६००० च्या वेगाने बिनतक्रार चालतात. तशाच आणखी दोन बसवल्या, चारही स्लॉट भरले, की तोच वेग अनेक बोर्डांना झेपत नाही. चारही पट्ट्या चांगल्या, बोर्डही चांगला. कार्ड काढून पुन्हा दाबून बसवले आणि दोष गेला, हेही असेच: कार्ड तेच, स्लॉट तोच, बदलला तो संयोग. अशा ठिकाणी ‘कोणता भाग नासका?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि त्याच्या मागे लागून माणूस चांगले भाग विकून टाकतो.

आता क्रॅश थांबला हे पहिले विधान. ते प्रत्यक्ष दिसले असे वर म्हटले, पण तेही वाटते तितके पक्के नाही. अभाव केव्हा कळतो याबद्दल मीमांसकांनी आणि नैयायिकांनी एक अट घातली आहे: ती वस्तू असती तर नक्की दिसली असती, अशा परिस्थितीत ती दिसली नाही तरच ती नाही असे म्हणता येते. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे होत नाही. सरासरी दहा तासांत एकदा, कोणत्याही क्षणी येणारा क्रॅश धरा. काहीही दुरुस्त न करता दहा तास सुखरूप जाण्याची शक्यता तरीही सुमारे ३७ टक्के उरते. ती ५ टक्क्यांवर आणायला तीसएक तास लागतात, तेही तीच गेम, त्याच सेटिंगवर, तितक्याच तापलेल्या खोलीत. मे महिन्यात पडणारा पीसी जुलैत सुधारला तर त्यात नव्या ड्रायव्हरचे कर्तृत्व किती आणि पावसाचे किती? दुरुस्तीनंतर एक संध्याकाळ नीट गेली म्हणून जे समाधान वाटते, ते बहुतेक वेळा अंधारातल्या घड्याविषयी असते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप न्यायपरंपरेतूनच येतो. वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या आरंभीच ज्ञानाचे प्रामाण्य सफल प्रवृत्तीवर टेकवले आहे: ज्ञानानुसार वागून फळ मिळाले की ते ज्ञान खरे. खेळणाऱ्याला खेळायचे होते, तो खेळतो आहे. मग त्याचे ज्ञान प्रमाण ठरायला आणखी काय हवे? उत्तर बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाकडे मिळते, आणि गंमत म्हणजे तो नैयायिकांचा कट्टर विरोधक. खंडनखंडखाद्यात तो मिटलेल्या मुठीत किती कवड्या आहेत हे अंदाजाने सांगणारा माणूस उभा करतो. तो पाच म्हणतो, आणि पाचच निघतात. उत्तर खरे, फळही मिळाले, पण त्याला ज्ञान कोण म्हणेल? १९६३ साली एडमंड गेटियरच्या तीन पानी लेखाने पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात याच जातीची खळबळ उडवली. संध्याकाळी पाच गोष्टी बदलणारा माणूस मुठीतल्या कवड्या सांगतो आहे. फरक व्यवहारात पडतो तो दुसऱ्यांदा, क्रॅश परतल्यावर. इंटेलच्या प्रकरणात काहींनी प्रोसेसरचा वेग थोडा उतरवला आणि गेम चालू झाल्या. प्रवृत्ती सफल झाली. पण चिप आधीच झिजली असेल तर ती सावरली नव्हती. नंतर आलेल्या मायक्रोकोड अपडेटनेही झालेली झीज भरून येणार नव्हती. ज्याने ‘सेटिंगचा घोळ होता’ म्हणून विषय मिटवला, त्याने बदलून मिळण्याजोगा प्रोसेसर डब्यात तसाच ठेवला.

दुसरा आक्षेप चार्वाकाचा. दोष परत आणून दाखवला तरी काय सिद्ध झाले? जुना ड्रायव्हर टाकला त्याच मिनिटाला विजेचा दाब खाली गेला नसेल कशावरून? लपलेली उपाधी नाहीच, हे कधीच सिद्ध होत नाही. तर्काच्या दृष्टीने याला तोड नाही. नैयायिक उदयनाचे उत्तर तर्कापेक्षा आचरणाकडे बोट दाखवते: शंका तिथवरच चालते जिथे ती शंका घेणाऱ्याच्याच वागण्याशी भांडू लागत नाही. कार्यकारणावर मुळीच विश्वास नसलेला माणूस स्क्रू ड्रायव्हर हातात घेणार नाही. श्रीहर्षाने हे उत्तरही उलटवून दाखवले आहे, आणि तेवढ्या भागात त्याचे म्हणणे मला पटते. व्यवहारातली ठाम वागणूक सत्याची हमी देत नाही. मात्र माझ्या मुद्द्याला हमीची गरज नाही. एकदा परत आलेला दोष एका योगायोगाने समजावता येतो. तीनदा काढून तीनदा परत आणलेल्याला तीन योगायोग लागतात, आणि तेही नेमके आपला हात लागेल तेव्हाच घडणारे. शंका संपत नाही, ती महाग पडत जाते.

तिसरी अडचण खरी आहे. काही दोष परत आणता येत नाहीत, किंवा आणू नयेत. इंटेलच्या प्रकरणात वाढीव व्होल्टेज पुन्हा देऊन पाहणे म्हणजे चिप आणखी झिजवणे. झीज उलटी फिरत नाही, तेव्हा ‘न झिजलेली तीच चिप’ तुलनेला मिळणार कुठून? इथे एका मालकाची कसोटी संपते. क्लॉकच्या सर्किटपर्यंत कोणताही एकटा खेळणारा पोचू शकला नसता. त्यासाठी परत आलेल्या चिपा आणि त्या उघडून तपासणारी प्रयोगशाळा लागली. त्याबाबतीत तो इंटेलच्या शब्दावर विसंबतो, आणि ज्याचा माल बिघडला तोच इथे साक्षीदार आहे हे ध्यानात ठेवून विसंबतो. त्याच्या आवाक्यातले कारण त्याहून जाडेभरडे आहे: ‘हा प्रोसेसर’. पण त्याची कसोटी घेता येते. एलजीए १७०० सॉकेटचा दुसरा चांगला प्रोसेसर उसना आणून त्याच बोर्डावर, त्याच रॅमसह, बायोसच्या त्याच सेटिंगवर पुरेसे तास चालवायचा, आणि मग जुना पुन्हा बसवायचा. क्रॅश त्याच्याबरोबर गेला आणि त्याच्याबरोबर परतला, तर इंटेलने या प्रोसेसरांसाठी दोन वर्षांनी वाढवलेल्या वॉरंटीवर दावा सांगायला तेवढे ज्ञान पुरते.