मुखपृष्ठावर कुणाला बसवायचं?

संगीताच्या अंकाचं मुखपृष्ठ ठरवायला चार माणसं बसली की पहिला वाद फोटोवरून होतो. तो वाद मला नेहमी देवघरातला वाटत आला आहे. गाणं ऐकायचं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. मग त्याच्या अंकावर दाखवायचं काय? जे दिसत नाही त्याला चेहरा द्यावा का, आणि द्यायचा तर कुणाचा? सगुण-निर्गुणाचा हा जुनाच प्रश्न माझ्यापुढे दरवर्षी 170 जीएसएमच्या आर्ट पेपरवर येतो.

हुमनाबादेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची आमंत्रणं. बरंचसं काम कन्नडमध्ये, काही मराठीत. दत्तजयंतीच्या आधी आमच्या भागातल्या भजनी मंडळांचा एक संगीत विशेषांक निघतो. 48 पानं, म्हणजे 16 पानांचे तीन फर्मे, आणि मुखपृष्ठाची चार पानं वेगळी. आत अभंग असतात, माणिकप्रभूंची पदं असतात, वचनं आणि तत्त्वपदं असतात, काही रचना स्वरलिपीसह. पानांची मांडणी माझ्याकडे असते. संध्याकाळी मी महिला मंडळात टाळ घेऊन बसते, त्यामुळे जे मांडायचं ते मला आतून ठाऊक आहे.

मुखपृष्ठासाठी फोटो हजर असतातच. स्पर्धेत पहिला आलेला मुलगा असतो, देणगीदार असतात, कुणाच्या मठाचे स्वामी, कुणाचे पुढारी. प्रत्येकाच्या बाजूनं बोलणारा माणूस दुकानात येऊन चहा पिऊन जातो. हे सगळे वाईट हेतूनं येतात असं मी कधीच म्हणणार नाही. चेहऱ्याचं बळ त्यांना कळलेलं असतं, एवढंच.

ते बळ कलबुर्गीला कुणी शिकवायला नको. सांबानंद मोनप्पा पंडित, म्हणजे चित्रकार एस. एम. पंडित, 1916 साली तिथेच जन्मले. मुंबईला जाऊन त्यांनी बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठं रंगवली, सिनेमाची पोस्टरं केली आणि त्याच कुंचल्यानं पुराणांतले देव कॅलेंडरांवर उतरवले. कन्याकुमारीला विवेकानंदांचं त्यांनी काढलेलं चित्र आहे. माझं माहेर आळंदचं. तिथे घराघरांत एक रीत होती. वर्ष संपलं की कॅलेंडराच्या खालच्या तारखा फाडायच्या, व्यापाऱ्याच्या नावाची पट्टी कापायची आणि वरचं चित्र चौकटीत घालून देवघरात लावायचं. दुसऱ्या दिवसापासून त्याला हळदकुंकू. चित्र तेच, रंग तेच. नाव, तारीख आणि किंमत गेली की त्याचं दर्शन झालं. मांडणी करणाऱ्या माणसानं हे नीट पाहावं असं मला वाटतं. मुखपृष्ठावरचा चेहरा आणि देव्हाऱ्यातला चेहरा यांच्यात अंतर असतं ते भोवतीच्या अक्षरांचं. म्हणून एखाद्या गाणाऱ्याचा चेहरा पूर्ण पानभर, भोवती काही न ठेवता छापायला माझा हात धजत नाही. आपण त्याला कुठे नेऊन बसवतो आहोत याची मला भीती वाटते.

आमच्याकडे या प्रश्नाला उत्तरं तरी किती! सकाळच्या बसनं निघालं तर दिवसभरात सगळी पाहून होतात. बसवकल्याणला बसवण्णांच्या परंपरेतल्या शरणांचं इष्टलिंग. त्याला आकार आहे, चेहरा नाही, आणि ते तळहातावर मावतं. कलबुर्गीला खाजा बंदेनवाजांचा दर्गा. 1422 साली ते गेले. ते चिश्ती परंपरेतले, जिथे गाणं हाही इबादतीचा मार्ग मानला. तिथे मूर्ती नाही, पण सूर आहे. आणि आमचे वारकरी विटेवरचं रूप डोळे भरून पाहिल्याशिवाय परत फिरत नाहीत. यातलं कुठलं एक खरं आणि बाकीची खोटी, असं या मातीत कुणाला म्हणता आलेलं नाही. माणिकप्रभू 1817 साली कल्याणजवळ, म्हणजे आताच्या बसवकल्याणजवळ, लाडवंतीला जन्मले, 1865 साली माणिकनगरला समाधिस्थ झाले. भक्तांनी त्यांना दत्त म्हणून पाहिलं, लिंगायतांनी बसवण्णा म्हणून, मुसलमानांनी मेहबूब सुबहानी म्हणून. पदं त्यांनी मराठीत केली, कन्नडमध्ये केली, हिंदुस्तानीत केली. सकलमत हे त्यांच्या संप्रदायाचं नाव. ज्या एका माणसात इतक्या जणांना आपापलं दैवत दिसलं, त्याच्या पदांच्या अंकावर मी कुठला चेहरा काढू?

आणि कल्याण तर शून्यसिंहासनाचं गाव. शरणांची सभा म्हणजे अनुभवमंटप; तिथल्या सर्वांत मानाच्या आसनाचं हे नाव परंपरेनं जपलं आहे, आणि अल्लमप्रभू त्यावर बसले असं ती सांगते. मुखपृष्ठ हे अंकातलं मानाचं आसन. त्यावर बसवायचं कोण, हे ठरवताना मी त्या नावाकडे पाहते.

आता नावांचं. फोटोइतकंच मी नावांशी झगडते, आणि माझ्या मते खरी धर्माची गोष्ट तिथे आहे. लेखाच्या माथ्यावर, शीर्षकाच्या खाली ठळक अक्षरांत लेखकाचं नाव घालण्याची नियतकालिकांची रीत आहे. आमची गाणी मात्र ती रीत पाळत नाहीत. अभंगात नाव येतं ते शेवटच्या चरणात. ‘तुका म्हणे’ ऐकू येईपर्यंत ऐकणारा अभंगात पुरता बुडालेला असतो. प्रभूंच्या पदांत ‘माणिक’ येतो तोही अखेरीस. कन्नड वचनांत शेवटी मुद्रा असतेच, तिला अंकित म्हणतात, पण ती वचनकाराची नसते. बसवण्णा कूडलसंगमदेवाचं नाव घालतात, अक्कमहादेवी चेन्नमल्लिकार्जुनाचं, अल्लमप्रभू गुहेश्वराचं. हरिदासांमध्ये पुरंदरदासांची सही ‘पुरंदर विठ्ठल’ अशी. म्हणजे आमच्या एकाच अंकात समोरासमोरच्या दोन पानांवर दोन तऱ्हेच्या सह्या असतात. डावीकडे मराठी संत म्हणतो, हे मी बोललो. उजवीकडे कन्नड शरण बोलणं करतो आपण आणि सही करतो देवाची.

मला यात भांडण दिसत नाही. तुकोबा स्वतःचं नाव घालतात ते बोलण्याची जबाबदारी घ्यायला. चुकलं तर तुक्याचं चुकलं. शरण देवाचं नाव घालतात ते मिळालं ते परत करायला. पण दोघांनाही नाव पुढे करायचं नाही, यावर दोघांचं एकमत आहे. म्हणून आमच्या अंकात मी लेखकाचं नाव शेवटी घालते, मजकुराच्याच टाइपात, उजव्या समासाला लावून. सुरुवातीला लेखक नाराज झाले. एकानं विचारलं, “ताई, वाचणाऱ्याला कळणार कसं कुणाचं आहे ते?” मी म्हटलं, “संपेपर्यंत वाचलं की कळेल.”

बिदरची तर याबाबत एक जुनी कथाच आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं लुटू दिली आणि बादशहानं त्यांना बिदरला बोलावलं. पंत पोचायच्या आत खुद्द विठ्ठल विठू महार होऊन दरबारात आला, धान्याचे पैसे मोजून दिले आणि पावती घेतली ती दामाजीच्या नावावर. ती पावती पंतांना सापडली त्यांच्या पोथीत. भरणारा कोण हे कागदावर कुठेच नव्हतं. लहानपणी ही कथा कीर्तनात ऐकताना मला चमत्काराचं नवल वाटायचं. आता पावतीपुस्तकं छापते तेव्हा त्या नाव न लावण्याचंच वाटतं.

पण इथे मला स्वतःलाच अडवावं लागतं. ज्याचं नाव सगळीकडे आहे त्यानं ते मागे घेणं ही साधना. जिचं नाव कधी कागदावर आलंच नाही तिला नाव न घालण्याचा उपदेश करणं याला साधना म्हणता येत नाही. आमच्याच कल्याणच्या सोमेश्वर चालुक्यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात मराठी मुलखातल्या बायका कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. राजाचं नाव ग्रंथावर राहिलं. ओवी राहिली. गाणाऱ्या एकीचंही नाव राहिलं नाही, आणि त्यांनी ते स्वतःहून सोडलं होतं असं मानायला मला कुठलाच आधार दिसत नाही. महिला मंडळात मी अशा बायकांच्या शेजारी बसते, ज्यांना शंभर शंभर अभंग चालींसह पाठ आहेत आणि ज्यांचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे छापलेलं नाही. त्यांना मी शरणांचं अंकित कोणत्या तोंडानं सांगू? आधी नाव मिळू दे. ते सोडायचं की ठेवायचं, त्यांचं त्या पाहतील.

एकतारीवर तत्त्वपदं गाणाऱ्या एका म्हाताऱ्या मुत्यांना मी फोटो मागितला होता. ते म्हणाले, “पद गुरूचं आहे अव्वा, माझा फोटो कशाला?” मी म्हटलं, “मग नाव तरी घालू ना मुत्या?” थोडा वेळ विचार करून म्हणाले, “नाव घाल. गावाचंही घाल. गावाला कळू दे.” मला ते फार आवडलं. गुरूला गुरूचं, गावाला गावाचं, आणि मध्ये स्वतःलाही एक जागा.

स्वरलिपीचं पान हे सगळ्या अंकातलं सर्वांत अवघड पान. विष्णू दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या दारूनं गेली, आणि तरी गाणं कागदावर आणायला आयुष्यभर खपलेल्यांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. दुसरे भातखंडे. आम्ही भातखंड्यांची पद्धत वापरतो. वर स्वरांची ओळ, तिच्याखाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राचा बिंदू खाली, तारसप्तकाचा वर. सूर लांबला तर आडवी रेघ, अक्षर लांबलं तर अवग्रह. ‘विठ्ठल’ चार मात्रांवर पसरला की जोडाक्षर कुठे ठेवायचं यावर मी अर्धी दुपार घालवते. ‘ठ्ठ’ फोडला तर वाचणारा अडखळतो, न फोडला तर चौकट पुरत नाही. प्रत्येक मात्रेला एक घर, त्रितालाची सोळा घरं, चार विभाग. दोन कॉलमच्या पानात ती मावत नाहीत. मग संगणक ओळ कुठेही तोडतो आणि सम ओळीच्या मध्यात जाऊन पडते. वाचून गाणाऱ्याचा हात तिथेच चुकतो. म्हणून ही पानं मी एक कॉलमची करते, वेळप्रसंगी आडवी करते, पण आवर्तन फोडत नाही. ओळ समेपासून सुरू झाली पाहिजे. समेची खूण म्हणजे एक बारीकशी फुली. पानावरची ती सर्वांत छोटी खूण, आणि अख्खं पान तिच्याकडे परत येत असतं.

‘खाली’ म्हणजे तालातली न वाजणारी टाळी. तिच्या जागी भातखंडे शून्य लिहितात. दुकानात कामाला आलेल्या मुलानं एकदा ती सगळी शून्यं काढून पान स्वच्छ केलं होतं. त्याला वाटलं, चुकून राहिली आहेत. मी त्याला शेजारी बसवून त्रिताल हातावर मोजायला लावला. सम, दुसरी टाळी, मग हात उघडा फिरवायचा, मग पुन्हा टाळी. “हात वाजवला नाही, तरी मात्रा गेली का?” “नाही मावशी.” “मग लिही ती.” ते न वाजलेलं लिहून ठेवावं, हे ज्याला सुचलं त्याला मी मनोमन नमस्कार करते. पानावरच्या कोऱ्या जागेसाठी मी देणगीदारांशी वाद घालते तो याच बळावर. अभंग संपला, खाली चार बोटं जागा उरली, की तिथे जाहिरात बसवायचा आग्रह होतो. मी देत नाही. गाऊन झाल्यावर लगेच बोलू नये, हे आमच्या मंडळात कुणाला सांगावं लागत नाही. कागदावर ते मला सांगावं लागतं.

यंदा माणिकप्रभूंच्या हिंदुस्तानी पदांचा एक भाग उर्दू लिपीत घ्यायचं ठरलं आहे. उर्दू उजवीकडून वाचतात. आमचं मलपृष्ठ त्यांचं मुखपृष्ठ. हे ध्यानात आलं तेव्हा मला फार हलकं वाटलं. मागच्या पानावर नेहमी सर्वांत मोठी जाहिरात असते, ती मी आत ढकलली, आणि तिथेही अंकाचं नाव घातलं. आता अंक कुठूनही धरला तरी समोरचंच पान हाती येतं. दोन्ही बाजूंना चेहरा नाही. मराठी बाजूला टाळ धरलेले हात आहेत, उर्दू बाजूला फक्त सुंदर अक्षरं. कन्नडवाल्यांनी विचारलं, “आमचं मुखपृष्ठ कुठे?” प्रश्न रास्त आहे. नागरी आणि कन्नड दोन्ही डावीकडून सुरू होतात, तेव्हा पहिल्या बाजूला दोन्ही नावं एकाच मापात, एका ओळीत घेतली आहेत. आधी कुठलं, यावर एक वर्ष हे आणि एक वर्ष ते, असं ठरलं. सगळे खूश नाहीत.

फोटोंच्या जागी आत दोन पानं नावांची आहेत. गाणारे, पखवाजवाले, पेटीवाले, झांजा धरणारे, चाली शिकवणाऱ्या म्हाताऱ्या, प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि गाव. शुभेच्छांची पानं कमी करून ही जागा काढली, त्यावर मंडळात बोलाचाली झाली ती झाली. महिला मंडळातल्या काही जणींना सगळे अमक्याची आई, तमक्याची आजी म्हणूनच ओळखतात. त्यांच्या घरी निरोप धाडला आहे. नावं आली की तिसरा फर्मा छापायला जाईल.