राखणीवर जागणाऱ्यांना मिळालेली वार्ता



नाताळच्या रात्री पवित्र मिस्साबलीत आपण संत लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय ऐकतो. त्यात देवदूताच्या वार्तेआधी आणखी एक घोषणा आहे. आपले कान देवदूतांच्या गाण्याकडे लागलेले असतात, म्हणून ती निसटून जाते. ती घोषणा कैसर ऑगस्टसची. साऱ्या प्रजेने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावे, असा त्याचा हुकूम होता. त्या हुकमापायी योसेफ गरोदर मरियेला घेऊन नाझरेथहून बेथलेहेमला निघाला. सरकारी कागदासाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्या आपल्या मंडळींना हा प्रवास समजावून सांगायला नको!

हा ऑगस्टस साधा राजा नव्हता. आजच्या तुर्कस्तानातील प्रीने या प्राचीन नगरात ख्रिस्तपूर्व 9 सालचा एक शिलालेख सापडला आहे. त्यात ऑगस्टसला तारणारा म्हटले आहे. त्याचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी शुभवार्तेचा आरंभ, म्हणून नव्या वर्षाची सुरुवात त्याच दिवसापासून धरावी, असे त्या प्रांताने ठरवले होते. म्हणजे ‘तारणारा’ आणि ‘शुभवार्ता’ हे शब्द त्या काळी दरबारी होते. देवदूत नेमके तेच शब्द उच्चारतो, पण रोमच्या राजवाड्याविषयी नव्हे. जनावरांच्या गव्हाणीत निजवलेल्या एका बाळाविषयी तो बोलतो. ही वार्ता गोड आहेच. शिवाय ती धीट आहे. माणसाचे तारण सिंहासनावरून होत नाही, असे ती ऑगस्टसच्या राज्यात राहून सांगते.

आणि ती सांगितली कुणाला? रात्री उघड्यावर कळप राखणाऱ्या मेंढपाळांना.

बंधुभगिनींनो, नाताळच्या चित्रांत आपण मेंढपाळ पाहतो ते स्वच्छ झग्यातले, खांद्यावर कोकरू घेतलेले. खरे मेंढपाळ पाहायचे तर आपल्याला बेथलेहेमला जायची गरज नाही. पीक निघाले की घोडेगाव, शिनोली, मंचरच्या बाजूला धनगरांचे वाडे येतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. घोड्यावर संसार, जाळीच्या कुंपणात मेंढरे, आणि बायकापोरे आभाळाखाली. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, लहान मुलेही गेली. तेव्हा रात्रीची राखण म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अशा माणसांना देवदूत आधी म्हणतो, भिऊ नका. कुणी म्हणेल, भिऊ नका म्हटल्याने भीती जाते का? नाही जात. मेंढपाळांच्या रानातले लांडगे त्या रात्री कुठे निघून गेले नाहीत. देवदूताने त्यांना कळपासाठी भिंत बांधून दिली नाही. त्याने एवढेच सांगितले, की तारणारा तुमच्यासाठी जन्मला आहे. ‘तुमच्यासाठी’ हा शब्द आपण भरभर वाचून पुढे जातो. ज्यांच्या वाट्याला कधी कुणाचे आमंत्रण येत नाही, ज्यांना गावात लोक फार तर ‘कुठला वाडा?’ एवढेच विचारतात, त्यांना स्वर्गातून पहिले आमंत्रण आले. भीती होती तिथेच राहिली, पण आता ते भीतीत एकटे नव्हते. उघड्यावर रात्र काढणाऱ्यांच्या शेजारी देव स्वतः उघड्यावर येऊन निजला होता.

म्हणून खूणही तशीच दिली. सोन्याचा पाळणा शोधा, असे सांगितले असते तर मेंढपाळ कुठल्या दारात उभे राहिले असते? पहारेकऱ्याने हाकलले असते. गव्हाण मात्र त्यांना अंधारातही सापडते. तिथे जायला चांगले कपडे लागत नाहीत आणि ओळखही लागत नाही.

हीच वार्ता आपल्या भाषेत येताना तशीच साध्या वाटेने आली. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. इथल्या लोकांना ज्या छंदाची सवय होती त्या ओवीत त्यांनी ख्रिस्तचरित्र रचले. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल येथे छापले गेले. मराठी माणसाला ख्रिस्तजन्म लॅटिनमध्ये कळला असता का, कोण जाणे!

आता उपासनेतली एक गोष्ट. आगमनकाळाच्या चारही रविवारी आपण गौरवगीत म्हणत नाही. नाताळच्या रात्री ते परत येते, घंटा वाजतात, आणि देवदूतांचे ते गाणे आपल्या तोंडी येते. त्या रात्रीचे शुभवर्तमान तिथेच, म्हणजे चौदाव्या वचनाशी थांबते. मेंढपाळांनी पुढे काय केले, ते नाताळच्या पहाटेच्या मिस्साच्या वाचनात आहे. ती मिस्सा फार थोड्यांना मिळते. रात्री जागून आलेले आपण पहाटे झोपलेले असतो, आणि उठल्यावर करंज्या-केकच्या ताटांकडे वळतो. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी वार्ता दरवर्षी ऐकलेली असते. मेंढपाळ लगबगीने निघाले, बाळाला पाहून भेटेल त्याला सांगत सुटले, हा भाग मात्र आपल्याकडून ऐकायचाच राहतो.

यंदा घरी गव्हाणीसमोर बसून कुटुंबातल्या लहानाकडून तो भाग मोठ्याने वाचून घेऊ या: लूक, अध्याय 2, वचने 15 ते 20. आणि नाताळच्या फराळाची ताटे शेजारीपाजारी पोचवताना, शिवारात वाडा उतरला असेल तर एक ताट तिकडेही नेऊ या. दिवस मावळायच्या आत न्यावे. अंधार पडला की ती माणसे राखणीला लागतात. विसाव्या वचनातले मेंढपाळही बाळाला पाहून शेवटी तिकडेच परतले, देवाची स्तुती करत, आपल्या कळपाकडे.