पथारीशेजारी पथारी

१९१२ मध्ये जर्मनीतल्या आल्टेनाच्या किल्ल्यात रिचर्ड शिरमान या शिक्षकाने पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल थाटलं. आपल्या वेल्ह्यातही राजगडाच्या पद्मावती मंदिराने, तोरण्याच्या मेंगाई मंदिराने कित्येक वर्षं अनोळखी वाटसरूंना एका छपराखाली निजवलं.

साठी उलटलेल्या जोडप्यांना मात्र वाटतं, असा मुक्काम हे पोरासोरांचं काम. नाही हो! गडाच्या पायथ्याच्या गावात सामायिक खोलीत उतरून पाहा. पिठलं-भाकरीची पंगत, शेजारच्या पथारीवर कॉलेजची मुलं. सकाळी त्यातलंच एखादं विचारतं, “काकू, गुडघा दुखतोय का? पिशवी द्या इकडे.” असं परक्याने आपलं होणं बंद खोलीत मिळत नाही.

यूथ हॉस्टेलच्या सदस्यत्वाला वयाची कमाल अट नाही. या हिवाळ्यात दोघं मिळून एक मुक्काम कराच.